आय, बी, एल म्हणजे गवत

संगणकाचा कळफलक मराठीवर ठेवायचा आणि आय, बी, एल ही तीन बटनं एकामागून एक दाबायची. पडद्यावर 'गवत' उमटतं. त्या तीन इंग्रजी अक्षरांचा गवताशी काडीचाही संबंध नाही. आयच्या जागी ग, बीच्या जागी व, एलच्या जागी त, अशी वाटणी कुणीतरी कधीतरी करून ठेवली आहे. देगलूरच्या एखाद्या चौथीतल्या पोराला हे दाखवलं तर तो एवढंच विचारील, "मग बटनावर ग का नाही छापला?"

प्रश्न रास्त आहे. लहान मुलांना संगणक शिकवायचा असं गेली चाळीस वर्षं आपण म्हणतो आहोत, पण या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

देगलूर हे नांदेडहून हैदराबादकडे जाताना लागणारं महाराष्ट्रातलं शेवटचं मोठं गाव. पलीकडे तेलंगणातलं मदनूर, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातला बिदर जिल्हा. बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकमेकींत मिसळून चालतात. लिहिण्याचा मामला मात्र कधीच इतका सरमिसळीचा नव्हता. निजामाच्या राज्यात कचेरीचं काम उर्दूत, उजवीकडून डावीकडे. सावकाराच्या आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या वह्या मोडीत. गुंडामहाराजांच्या मठाचं गाव, त्यामुळे पोथी बाळबोधीत. माणूस कुठे बसून काय लिहितो त्यावर त्याची लिपी ठरायची. ते दिवस गेले, पण दप्तरं राहिली. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना मराठवाड्यातल्या कचेऱ्यांना उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं धुंडाळावी लागली, ती याच वाटणीमुळे.

मोडीचा उल्लेख मुद्दाम केला. हात शक्यतो न उचलता, झरझर लिहिता यावं म्हणून ती लिपी वळवलेली. म्हणजे लिहिण्याचा वेग ही काही यंत्राने आणलेली हाव नाही, ती आपल्याकडे बोरूच्या टोकाला आधीपासून होती. पण वेग हवा असायचा तो कारकुनाला. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या पोराकडून वळण अपेक्षित होतं. पोराला वळण आणि कारकुनाला वेग, हा भेद लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे यंत्र आल्यावरही तो जसाच्या तसा चालू राहिला.

यंत्र आलं अमेरिकेतून. ख्रिस्तोफर शोल्सने १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं, १८७४ मध्ये रेमिंग्टन या बंदुका करणाऱ्या कंपनीने तो बाजारात आणला, आणि क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय ही ओळ त्याच्यासोबत आली. सुरुवातीला लोक दोन-चार बोटांनी, बटनांकडे बघत बडवायचे. १८८८ च्या जुलैमध्ये सिनसिनाटीत एक स्पर्धा झाली. तीत फ्रँक मॅकगरिन या लघुलेखकाने बटनांकडे न बघता, दहाही बोटांनी टाइप करून प्रतिस्पर्ध्याला हरवलं. दहा बोटांच्या पद्धतीचा डंका तिथून वाजला.

हे यंत्र लहान मुलांच्या हाती देऊन बघण्याची कल्पनाही संगणकाच्या आधीची आहे. बेन वुड आणि फ्रँक फ्रीमन या दोघांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांच्या वर्गांत टाइपरायटर ठेवले, हजारो मुलांवर दोन वर्षं प्रयोग केला आणि १९३२ मध्ये त्याचा अहवाल छापला. मुलं जास्त लिहितात आणि आवडीने लिहितात, असं त्यांना दिसलं. प्रयोगाला पैसा टाइपरायटर करणाऱ्या कंपन्यांनीच पुरवला होता, हेही सांगितलं पाहिजे. शाळेत नवं यंत्र शिरतं तेव्हा त्याच्यामागे बहुधा कुणीतरी विकणारा उभा असतो. तरी त्या प्रयोगातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे कुणी मुलांना कारकून करायला निघालं नव्हतं. यंत्र लिहिण्यासाठी दिलं होतं.

आपल्याकडे हे यंत्र आलं आणि देवनागरीपाशी अडखळलं. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरून बावन्न. देवनागरीत स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, वर जोडाक्षरं. एवढं सगळं चाळीस-पंचेचाळीस बटनांत बसवायचं कसं? कारागिरांनी तोड काढली ती सुताराची. अक्षर कापायचं. घ, ध, भ, थ यांच्या शेवटी उभी रेघ असते, ती काढून टाकली की उरतो अर्धा तुकडा. तेवढाच बटनावर ठेवायचा आणि रेघेसाठी कान्याचं बटन वापरायचं. 'घर' लिहायचं तर आधी अर्धा घ, मग काना, मग र. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी मारायची आणि अक्षर मागाहून. 'किती' मध्ये तोंडातून क आधी निघतो, यंत्रावर वेलांटी. टाइपरायटरने आपली लिपी डोळ्यांनी फोडली. कानांना त्यात काही काम नव्हतं.

मोडी यात बसलीच नाही. छापखान्याने तिला आधीच बाजूला सारलं होतं, टाइपरायटरने उरलासुरला वेगाचा दावाही काढून घेतला.

देगलुरात मराठी टायपिंगला किंमत आली ती राज्यं बदलल्यावर. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडलं आणि नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभाराची भाषा मराठी ठरवली. ज्या कचेरीत बापाने उर्दू अर्ज लिहवून घेतला होता, तिथे मुलाला मराठी टंकलेखकाची जागा दिसू लागली. यंत्रही आता देशी मिळत होतं. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर काढला होता.

आणि मग तालुक्याच्या प्रत्येक गावात टायपिंगचा क्लास निघाला. बसस्टँडजवळ किंवा तहसिलीच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, लाकडी जिना. जिन्याखालूनच खडखड ऐकू यायची, मध्येच ओळ संपल्याची घंटी. एक तासाची बॅच, ठरलेली मशीन. कुणाच्या मशीनचा इकार अडकायचा, कुणाची रिबीन वाळलेली असायची, आणि चांगली मशीन मिळावी म्हणून पोरं पहाटेची बॅच धरायची. पहिला धडा साऱ्या महाराष्ट्रात एकच: ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे. पानभर. दुसऱ्या दिवशीही तेच, पानभर. सर पाठीमागून फिरायचे आणि खाली बघणाऱ्याच्या हातावर पुठ्ठा धरायचे. माझी डावी करंगळी एच्या बटनावर कधी जोराने पडलीच नाही. माझ्या कागदावरचा प्रत्येक ए शेजाऱ्यांपेक्षा फिकट असायचा, आणि सर कागद उजेडात धरून नुसते हसायचे.

या शिक्षणाचं मोजमाप होतं मिनिटाला किती शब्द. परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस. त्यामुळे शिक्षणाचं नावच आकडा होऊन बसलं. सोयरीक जमवतानाही विचारायचे, "पोराचं थर्टी-फॉर्टी झालंय का?" परीक्षेच्या दिवशी क्लासवाले मशिनी टेम्पोत घालून केंद्रावर न्यायचे, आणि आपली सवयीची मशीन आपल्याच बाकावर यावी म्हणून पोरं टेम्पोमागे पळायची.

या क्लासला लहान मूल नसायचं. दहावी-बारावीची पोरं, नोकरीच्या शोधातले पदवीधर, लग्न ठरेपर्यंत काहीतरी करू म्हणून आलेल्या मुली. प्रमाणपत्र नोकरीसाठी, तर नोकरीच्या वयाआधी शिकायचं कशाला, हा हिशेब इतका उघड होता की त्यावर कुणी बोलतही नसे. शाळेत सुवाच्य अक्षराला पाच गुण आणि जिन्यावरच्या क्लासात तीस शब्द. वळण आणि वेग यांची जुनी फारकत अशी मजल्यांत वाटली गेली.

संगणक शाळेत शिरला १९८४ मध्ये. केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला, पहिल्या फेरीत देशभरातल्या अडीचशे शाळा घेतल्या आणि त्यांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक दिले. शाळा माध्यमिक, यंत्राची भाषा इंग्रजी. नेमक्या त्याच काळात दुसरीकडे एक गोष्ट घडत होती. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या खटपटीत होते. तेच काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये गेलं. भारतीय लिप्यांचा एकसमान कळफलक इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये मांडला, १९८८ मध्ये सुधारला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानकात आला. त्याचं नाव इन्स्क्रिप्ट. गवताची तीन बटनं तिथली.

एकाच सरकारची ही दोन कामं, पण त्यांची गाठ पडली नाही. शाळेत गेला तो इंग्रजीचा संगणक. देशी लिपीचा कळफलक कचेऱ्यांकडे आणि छापखान्यांकडे गेला, आणि तिथेही टाइपरायटरवर बसलेल्या बोटांनी त्याला दारातच अडवलं. नवी मांडणी शिकण्यापेक्षा लोकांनी जुनीच मांडणी संगणकावर चढवून घेतली. कारखान्यातून बटनं इंग्रजी छापूनच येत राहिली. चौथीतल्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. बटनावर ग छापावा अशी मागणी करणारं गिऱ्हाईकच कधी उभं राहिलं नाही.

पुढची वीस वर्षं घाईत सांगितली तरी चालतील. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएससीआयटी आली. गुरुजींना ती करणं भाग पडलं, नाहीतर वेतनवाढ अडायची. म्हणजे प्राथमिक शाळेत संगणक येण्याआधी संगणकाचं प्रमाणपत्र आलं. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना आली, तीही माध्यमिकसाठीच. कंत्राटदार कंपनीने यंत्रं बसवायची, माणूस नेमायचा, मुदत संपली की यंत्रं शाळेला द्यायची. माणूस मात्र कंत्राटाबरोबर घरी. सर्व शिक्षा अभियानातून उच्च प्राथमिकला काही संच मिळाले. खासगी इंग्रजी शाळांनी तर पहिलीपासूनच 'कॉम्प्युटर' हा विषय फीच्या पावतीवर लिहिला: चपला बाहेर काढायच्या, एका यंत्राला तिघांनी बसायचं, माउसने झोपडी काढून रंगवायची आणि वहीत कीबोर्डचं चित्र चिकटवायचं.

मग २०१५ नंतर डिजिटल शाळांची लाट आली. ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने आधी वाट दाखवली होती. गावोगाव वर्गणी झाली, प्रोजेक्टर आले, भिंतीवर कविता हलू लागल्या. या लाटेची मी टिंगल करणार नाही. ज्या वर्गांत फळा धड नव्हता तिथे गावाने पदरचे पैसे घातले. पण तिच्यात मुलाची जागा प्रेक्षकाची होती. बटन गुरुजी दाबणार, मूल बघणार. चाळीस पोरांच्या वर्गात एक यंत्र असेल तर दुसरं काही होणंही कठीण. शिवाय महागाची वस्तू, पोरांनी हात लावला आणि बिघडली तर भरून कोण देणार? कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असायची ती याच भीतीने.

महाराष्ट्रात उलटं उदाहरण एक आहे, लहानसं. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या वस्तीत, पहिली ते चौथीच्या एकशिक्षकी शाळेत, ऑक्टोबर २००७ मध्ये प्रत्येक मुलाला एकेक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या अमेरिकन मोहिमेचा भारतातला तो पहिला प्रयोग. मुलं वीस-बावीस. त्यामागची कल्पना सीमोर पॅपर्ट या शिक्षणतज्ज्ञाची: मुलाने यंत्राला शिकवावं, यंत्राने मुलाला नव्हे. देशभर काही ती मोहीम पसरली नाही. पण संगणक घरी नेऊन मुलं अंधारात त्याच्या उजेडाभोवती घरच्यांना गोळा करत, हे तिथे जाऊन आलेल्यांनी लिहून ठेवलं आहे.

इकडे जिन्यावरची खडखडही थांबली. टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये शेवटची झाली. आता तीच परीक्षा संगणकावर होते. गोदरेजने त्याच्या कितीतरी आधी, २००९ मध्येच, यंत्रं करणं थांबवलं होतं. शेवटच्या मशिनी शिरवळच्या कारखान्यात बनल्या. क्लास बंद पडले नाहीत. त्याच जिन्यावर संगणक मांडले गेले. पाटीवरचे आकडेही तेच राहिले.

आता इन्स्क्रिप्टकडे नीट बघू, कारण प्राथमिक शाळेच्या दृष्टीने खरा ऐवज तिथेच आहे. टाइपरायटरने अक्षराचे तुकडे केले होते. या मांडणीने उच्चार धरला. क आधी, वेलांटी नंतर. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. बोटं जिथे टेकवून ठेवायची त्या मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च. त्यांच्या वरच्या ओळीत प वर ब, क वर ग, त वर द, च वर ज. शिफ्ट दाबून तीच बटनं मारली की प चा फ, क चा ख, ग चा घ, द चा ध. व्याकरणाच्या पुस्तकात कठोर, मृदू आणि महाप्राण म्हणून जे पाठ करून घेतात, ते इथे बोटांच्या जागा होऊन बसलं आहे.

डावीकडे तर आणखी गंमत. मधल्या ओळीत ऱ्हस्व इकार, ऱ्हस्व उकार, एकार, ओकार. त्यांच्या डोक्यावर दीर्घ ईकार, दीर्घ ऊकार, ऐकार, औकार. ऱ्हस्व घरात, दीर्घ वरच्या माळ्यावर. पाय मोडण्याचं चिन्ह मधल्या बोटाखाली आणि त्याच्या वर काना. बाराखडी म्हणणारं दुसरीतलं मूल उजव्या हाताने क धरून डाव्या हाताने कि-की, कु-कू, के-कै, को-कौ असे जिने चढू-उतरू शकतं. इंग्रजी एबीसीडी येत नसली तरी चालतं. उलट येत नसलेलीच बरी, म्हणजे बटनावर छापलेली अक्षरं त्याला आडवी येणार नाहीत. दहा बोटांची शिस्त मात्र चौथीआधी लावू नये असं माझं मत आहे. तेवढा तळहातच पसरत नाही, आणि शिफ्टची करंगळी त्या वयात पार दमते. दुसरी-तिसरीत बाराखडीचा खेळ पुरे.

अडचणी नाहीत असं नाही. मुलाने पाटीवर गिरवलेला ल आणि श पडद्यावर उमटतोच असं नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं प्रमाण धरली. पण विंडोजसोबत घरोघरी पोचलेल्या मंगल या फाँटमध्ये दिसतात ती हिंदी वळणं. आणि तो फाँट घडवणारे र. कृ. जोशी होते अस्सल मराठी अक्षरांचे कारागीर! एकाच फाँटवर साऱ्या देवनागरीचं ओझं टाकलं की असं होतं. देगलूरच्या पोराला त्याचा जाच जास्त. त्याची नदी लेंडी, आणि लेंडीचा पहिलाच ल यंत्रावर परका दिसतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मोबाइलने निकालात काढलं. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली, आणि मुलांनी लिहायला अंगठे वापरले, नाहीतर तोंड. 'आई' लिहायचं तर इंग्रजी ए, ए, आय. किंवा माइकचं चित्र दाबून नुसतं बोलायचं. चालतं की. पण बोलून उमटवलेल्या शब्दात वेलांटी पहिली की दुसरी हे यंत्र ठरवतं, आणि इंग्रजीतून मराठी उमटवणाऱ्या मुलाला आधी परकी अक्षरं गाठावी लागतात. ज्या गावात आधीच चार भाषा कानावर पडतात, तिथे स्वतःची अक्षरं लिहायला पाचवीच्या दारातून जायचं, हे मला पटत नाही.

आणि एक गोष्ट देगलूरलाच सांगण्यासारखी आहे. इन्स्क्रिप्ट एकट्या देवनागरीसाठी केलेलं नाही. ब्राह्मीतून निघालेल्या भारतातल्या प्रमुख लिप्यांना तीच मांडणी आहे. जिथे मराठीचा क, तिथेच तेलुगूचा क आणि तिथेच कन्नडचा. उर्दू तेवढी यात नाही, तिची घडणच वेगळी. १९५६ मध्ये रेघ ओढली तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं तेलुगू मुलखात गेली आणि एकेका गोतावळ्यातली मुलं निरनिराळ्या लिप्या गिरवू लागली. देगलूरच्या मुलीने मराठी कळफलक शिकून घेतला, तर मदनूरच्या मावसबहिणीचा आणि बिदरकडच्या औरादच्या आत्तेभावाचाही तिने निम्म्याहून अधिक शिकून घेतलेला असतो.

'नदी' लिहून बघा. डावी तर्जनी खाली उतरून न, उजवी अनामिका वर जाऊन द, मग डावी तर्जनी वर चढून दीर्घ ईकार. व्ही, ओ, आर. आता भाषा तेलुगू करा. तेलुगूतही नदीला नदीच म्हणतात, फक्त शेवटी ऱ्हस्व. कन्नडमध्येही तसंच. बोटं तीच, बटनं पहिली दोन तीच. तिसऱ्या वेळी डावी तर्जनी वर चढत नाही, घरच्या ओळीतच टेकते.